वहिनी कुणाला ‘ये’ म्हणत नाहीत

शुभदावहिनींनी कुठल्याही मुलाला ‘ये’ म्हटलेलं मी आजवर ऐकलेलं नाही. माझ्या मुलींनाही त्यांनी कधी जवळ बोलावलं नाही. वहिनी घरी येणार, सरळ जमिनीवर बसणार, मुलांकडे अर्धी पाठ करणार आणि हाताला काहीतरी काम लावणार. कधी मटार सोलायचे, कधी कपड्यांचे चिमटे रंगाप्रमाणे लावायचे. थोड्या वेळाने बघावं तर धाकटी त्यांच्या गुडघ्याला टेकून हिरवे चिमटे वेगळे काढत असायची.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. सिडनीतल्या गिरावीन भागातल्या एका चाइल्डकेअरमध्ये त्यांनी वर्षानुवर्षं काम केलं. तिथे येणारी मुलं कोरियन, तमिळ, पंजाबी, लेबनीज. घरची भाषा प्रत्येकाची निराळी, पण फाटकाशी आईचा हात सुटला की रडणं सगळ्यांचं एकच. बाकीच्या बायका ‘कम डार्लिंग, कम’ करत धावायच्या. वहिनी वाळूच्या खड्ड्याशी जाऊन बसायच्या. रडणारं पोर हुंदके देत देत तिकडेच यायचं. आया विचारायच्या, “व्हॉट डिड यू डू?” वहिनींचं उत्तर ठरलेलं: “नथिंग. आय सॅट.”

मला मात्र त्यांनी मराठीत सांगितलं होतं. “भाऊजी, बोलावलं की मूल पाहुणं होतं. आपणहून आलं की घरचं होतं.”

हॅरिस पार्कच्या देशी बाजारात त्यांच्याबरोबर खरेदीला जायचं तर मी हाताशी एक तास जास्तीचा ठेवतो. मिठाईच्या दुकानात एखादा दाढीवाला उंच मुलगा मध्येच थांबतो, ‘मिस शुभा?’ म्हणतो आणि वाकून त्यांना मिठी मारतो. वहिनींना त्याचं नाव आठवत नाही. पण तो जेवताना गाजर बाजूला काढायचा, हे बरोबर आठवतं. अशा वेळी मी पिशव्या धरून शेजारी उभा असतो आणि, खरं सांगायचं तर, उगाचच जरा ताठ उभा असतो.

एवढी मुलं ज्यांच्याकडे आली, त्यांची सख्खी नात मात्र त्यांनी हातात घेतलेली नव्हती. पुतण्या निखिल नोकरीसाठी स्पेनला गेला, तिथल्याच मार्ताशी लग्न करून भूमध्य समुद्राकाठच्या एका लहान गावात राहिला. अल्मा झाली तेव्हा इकडे दादाचं आजारपण सुरू होतं. दादा गेला तेव्हा निखिल एकटाच येऊन गेला. अल्मा चार वर्षांची झाली तोवर आजी तिला फक्त फोनवर दिसली होती. निखिल घरात तिच्याशी स्पॅनिशच बोलायचा. त्यामुळे मार्ताची आई पिलार ही तिची ‘आबुएला’, म्हणजे आजी. आणि वहिनी कोण, तर ‘फोनमधल्या बाई’. हे निखिलनेच एकदा हसत हसत सांगितलं. वहिनीही हसल्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मला फोन करून म्हणाल्या, “भाऊजी, नाताळात तिकडे जायचंय. तुम्ही चला. तुमच्या याद्यांशिवाय मला झेपायचं नाही.”

मी सगळं नीट आखलं. तिकिटं, औषधं, थंडीचे कपडे. सिडनीच्या उकाड्यातून निघायचं होतं, म्हणून वहिनींना दोन गरम पॅन्ट घ्यायला लावल्या. त्या त्यांनी केलीव्हिलला माझ्याच घरी सोडल्या आणि बॅगेत साड्या भरल्या. तिकडे गावच्या स्टेशनवर निखिलने आईला पाहिलं: काठाची साडी, वर फुगीर जाकीट, पायात स्पोर्ट्स शूज.

“आई, पॅन्ट तरी घालायचीस. इथे सगळे बघतात.”

“बघू देत की. मी कुठे लपून आलेय?”

गाव उन्हाळ्याचं. हिवाळ्यात आइस्क्रीमच्या टपऱ्यांना कुलपं, वाळूवर फक्त कुत्री आणि त्यांचे मालक. पण गल्ल्यांमध्ये दिव्यांच्या माळा होत्या, रस्त्याकडेच्या झाडांना संत्री लागलेली, आणि ज्या घरी जाऊ तिथे बदामाची चिक्कीसारखी वडी पुढे येत होती. अल्मा आईच्या मागे उभी राहून आमच्याकडे बघायची. वहिनींनी तिच्याकडे पाहून मान हलवली आणि पिलारच्या दिवाणखान्यात, थंडगार फरशीवर, संत्री सोलायला बसल्या. पिलारने खुर्ची आणली, मग उशी आणली, मग मार्ताला हळूच काहीतरी विचारलं. माझ्या तर्काने तो प्रश्न ‘यांना बरं वाटतंय ना?’ असा असावा.

वर्षाच्या शेवटच्या रात्री तिथे घड्याळाच्या प्रत्येक ठोक्याला एक द्राक्ष खातात. बारा ठोके, बारा द्राक्षं. सगळे वाट्या घेऊन टेबलाभोवती बसलो होतो. वहिनींना वाटलं, मुलीला निदान आमची ओळख तरी करून द्यावी. त्यांनी माझ्याकडे बोट केलं आणि मोठ्याने, सावकाश सांगितलं, “अल्मा, हे बाबाचे काका. का-का!”

मार्ताच्या वडिलांना द्राक्ष आधीच घशात गेल्यासारखा ठसका लागला. अल्माने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

“आई, थांब,” निखिल लाल होत म्हणाला. “इथे काका म्हणजे... शी.”

“शी काय त्यात?”

“अगं, शी म्हणजे शी. लहान मुलांची शी.”

वहिनी आधी माझ्याकडे बघत राहिल्या, मग पदराने डोळे पुसेपर्यंत हसल्या. “भाऊजी, परदेशात नाव काढलंत हो!”

माझ्या नावाचा फायदा मलाच झाला. दुसऱ्या दिवसापासून अल्मा मला पाहिलं की ‘काका!’ ओरडून पळायची, परत यायची, माझ्या बुटाची नाडी सोडून पुन्हा पळायची. वहिनींपाशी मात्र येईना. त्या संत्र्याच्या सालींची फुलं करत बसायच्या आणि ती सोफ्याच्या पाठीआडून बघत राहायची. परतीची तारीख जवळ येत होती. निखिललाच राहवेना.

“आई, उचल ना तिला एकदा. थोडी रडेल, मग होईल सवय.”

“उचलली की सुटायला बघेल,” वहिनी म्हणाल्या. “मला सुटायला बघणारी नात नकोय.”

संध्याकाळी समुद्राकाठी आम्ही दोघं फिरत होतो. वहिनींनी बुटाच्या टोकाने एक शिंपला उलटा केला. मग म्हणाल्या, “भाऊजी, एवढी पोरं आली. हीच नाही आली तर?”

“येईल हो.”

“आणि नाहीच आली तर? मी फोनमध्येच राहायचं मग?”

वारा सुटला होता. मी त्यांना जाकिटाची चेन वर ओढायला सांगितलं.

पाच जानेवारीला स्पेनमध्ये गावोगाव तीन राजे येतात. नाताळच्या गोष्टीतले, बाळ येशूसाठी भेटी आणणारे. आमच्या गावात ते बोटीने आले. अंधार पडता पडता धक्क्यावर बोट लागली, ढोल वाजले, राजे सजवलेल्या गाड्यांवर चढले आणि मिरवणूक निघाली. सगळं गाव दुतर्फा उभं. लोकांनी छत्र्या उलट्या करून का धरल्यात, ते मला कळेना. पहिली गाडी समोर आली आणि राजाने ओंजळी भरभरून गोळ्या-चॉकलेटं उधळायला सुरुवात केली. डोक्यावर, खांद्यावर, रस्त्यावर नुसता पाऊस. पोरं ओरडत जमिनीवर तुटून पडली.

“अगबाई!” वहिनी माझा दंड धरून ओरडल्या. “हे तर बोरनहाण! भाऊजी, अख्ख्या गावाचं बोरनहाण!”

निखिल काही म्हणायच्या आत त्यांनी जाकिटाची चेन खाली ओढली, खोचलेला पदर मोकळा केला आणि दोन्ही हातांनी समोर पसरला. छत्री त्यापुढे काहीच नाही. गाडीवरचा राजा बघतच राहिला. मग त्याने अख्खी टोपली त्या पदरावर नेम धरून रिकामी केली. आजूबाजूच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. पोरांना सुगावा लागला, सगळी वहिनींभोवती जमली आणि पदरात हात घालायला लागली.

“घ्या रे, लुटा!” वहिनी हसत होत्या. “बोरनहाणात लुटायचंच असतं!”

तेवढ्यात मार्ताचा हात सोडून अल्मा गर्दीत घुसली. दोन मोठ्या मुलांना कोपराने बाजूला सारलं, वहिनींच्या पुढ्यात पाठ करून उभी राहिली आणि दोन्ही हात पसरून त्या पोरांवर ओरडली.

वहिनींना त्यातला एकच शब्द कळला. “निखिल, ती ‘मी’ म्हणाली ना? मराठीत?”

“नाही आई.” निखिल अल्माकडे बघत म्हणाला. “स्पॅनिशमध्ये ‘मी’ म्हणजे माझी. ‘मी आबुएला’ म्हणाली. ही माझी आजी आहे, तुम्ही हात लावायचा नाही.”

मला वाटलं, आता तरी वहिनी तिला उचलून छातीशी धरतील. त्यांनी धरलं नाही. पदराचं एक टोक सोडून त्या म्हणाल्या, “मग धर की. मी एकटी किती धरू?” अल्माला मराठी येत नाही. तिने टोक धरलं. पुढच्या दोन्ही राजांच्या गाड्या जाईपर्यंत आजी आणि नात तो पदर झोळीसारखा ताणून उभ्या होत्या, आणि पिलार रस्त्यावरच्या गोळ्या वेचून त्यात टाकत होती. मी या बाईंचा कोण, हे त्या वेळी मला कुणीतरी विचारायला हवं होतं. कुणी विचारलं नाही, म्हणून शेजारच्या म्हाताऱ्या गृहस्थांना ‘मी यांचा दीर’ असं मीच इंग्रजीत सांगितलं. त्यांना इंग्रजी येत नव्हतं. तरी त्यांनी माझा हात हातात घेऊन जोरात हलवला.

परतीच्या आदल्या दिवशी वहिनींनी मला त्यांचं तिकीट पुढे ढकलायला सांगितलं. मी फोन उघडला. वहिनी आणि अल्मा फरशीवर बसल्या होत्या, दोघींच्या मध्ये संत्र्यांची टोपली.

“कुठली तारीख टाकू, वहिनी?”

“मला काय विचारता? तिला विचारा.”

निखिलने विचारलं, आजी सिडनीला कधी जाणार? अल्माने हातातलं साल सोडलं नाही, मानही वर केली नाही. एकच शब्द बोलली.

“नंतर,” निखिलने सांगितलं.

ऑफिसात कुणी मला कामाची तारीख ‘नंतर’ अशी दिली, तर मी ती चालवून घेत नाही. ही घेतली.