चौकातील तीन फेऱ्या

वाठार स्टेशनावर आम्ही मुंबईची तिकिटे मागितली, तेव्हा तिकीटबाबूने चष्मा कपाळावर सारून आमच्याकडे पाहिले. "मुंबईला जायचे, की मुंबईहून आलात?"

"अहो, खिडकीशी उभे आहोत ते जायचे म्हणूनच ना?" मामा चिडून म्हणाले. बाबूने तिकिटे दिली. पण आमच्या हाताला त्याचा हात लागू नये म्हणून ती फळीवरून पुढे सरकवली.

माझा धाकटा भाऊ दत्तू गिरगावात राहून कोटातील (फोर्टातील) एका कचेरीत कारकुनी करीत असे. मुंबईत गाठीचा ताप (ग्रंथिक सन्निपात, म्हणजे प्लेग) पुन्हा उसळला होता. नोकरी सोडून वाईला निघून ये, म्हणून आईने त्याला तीन पत्रे धाडली. तिन्हींना त्याचे एकच उत्तर होते : माघात धावण्याची शर्यत आहे, ती झाली की येतो. चौथे पत्र न लिहिता आईने मलाच पाठविले. "तुझे तो ऐकेल. त्याला घेऊनच ये," एवढेच ती म्हणाली. सोबतीला मामा होते. त्यांनी पेन्शन घेईपर्यंत शाळेत पोरांना धाकात ठेवले होते. पण स्वतः ते मांजर आडवे गेले तरी घरी परतणारे.

पुण्यापुढे आमच्या डब्यात आम्ही दोघेच उरलो. खंडाळ्याच्या घाटात पळस फुलला होता. एकही पान नाही, नुसती पेटलेली फुले. आणि खाली दरीत धुके असे निजलेले, की दगड टाकला तर त्याचा आवाजही वर येऊ नये. एरवी मी ते पाहून सुखावले असते. पण तेवढ्यात समोरून मुंबईहून सुटलेली गाडी आली. तिच्या खिडक्याखिडक्यांतून गाठोडी, लेकरे आणि म्हातारी माणसे दिसत होती, आणि त्या सर्वांचे डोळे आमच्या रिकाम्या डब्यावर खिळले होते. वेड्या माणसाकडे लोक जसे पाहतात, तसे ते आमच्याकडे पाहत गेले.

बोरीबंदरास उतरताच नाकाला मुंबई भेटली. चुन्याचा उग्र दर्प, गटारांत ओतलेल्या औषधाचा कडवट वास, जाळलेल्या गंधकाचा धूर, आणि त्या सर्वांच्या मागून समुद्राची खारट ओल. गिरगावात भाड्याची गाडी शिरली तेव्हा माणसे दगावलेल्या घरांच्या भिंतींवर तांबडी वर्तुळे काढलेली दिसली. मामा ती मोजू लागले. "मोजू नका, मामा," मी म्हणाले. त्यांनी डोळे मिटून घेतले, तरी ओठ हलतच होते.

दत्तूची चाळ दुमजली होती. चहूबाजूंनी खोल्या, मधे फरसबंदी चौक, चौकात पाण्याचा नळ. निम्म्या दारांना कुलपे. ज्या खोल्यांत माणसे दगावली होती, त्यांच्यावरची कौले ऊन आत यावे म्हणून काढून टाकलेली. त्या रिकाम्या खोल्यांत दुपारचे ऊन एखाद्या पाहुण्यासारखे शांत बसले होते. इतके सुंदर आणि इतके भयंकर ऊन मी कधी पाहिले नव्हते.

दत्तू वरच्या मजल्यावर आपल्या खोलीपुढच्या गॅलरीत बसून पोटऱ्यांना खोबरेल चोळीत होता.

"सगळी मुंबई पळून चालली," मामा त्याला पाहताच कडाडले, "आणि हे चिरंजीव मुंबईतच पळताहेत!"

"मामा, आधी पाय धुवा, मग रागवा," तो हसून म्हणाला. मला वाकून नमस्कार करताना मात्र त्याचे हसू मावळले. "अक्का, परवाच्या गाडीने मी तुझ्याबरोबर येतो. शब्द देतो. उद्याचा दिवस तेवढा मला दे."

पुढे त्याने जे सांगितले ते ऐकून मला नाही म्हणवेना. ग्रीस देशात कित्येक कोसांची धावण्याची शर्यत झाली, हे वर्तमानपत्रात वाचून इथल्या तालमीतील मंडळींना हुरूप आला. गिरगावच्या वाळूवरून निघायचे, लालबाग, परळ, दादर करून वरळीच्या किनाऱ्याने परत यायचे, असे सुमारे सहा कोस ठरले. दत्तू आणि त्याचे तीन सोबती दिवाळीपासून रोज पहाटे धावत होते. त्यांतला गोविंद पौषात गेला. सकाळी बरोबर धावला, दुसऱ्या दिवशी जांघेत गाठ, तिसऱ्या दिवशी नाही. उरलेले दोघे गावी निघून गेले.

"चौघांनी नावे दिली होती, अक्का. एक तरी धावायला हवा."

शर्यतीच्या सकाळी मी ट्रामने भायखळ्यापर्यंत आणि तेथून बैलाच्या रेकल्यातून परळच्या नाक्यावर गेले. मामा रेकल्यातून उतरलेच नाहीत. नाकावर कापराची पुरचुंडी धरून आत बसून राहिले. काही गिरण्यांच्या चिमण्या धूर ओकीत होत्या, काही थंड होत्या. नाक्यावर शंभरएक माणसे असतील, पण एकमेकांपासून हात हात दूर. माझ्याशेजारी वरळीची एक कोळीण रिकामी पाटी (मासळीची टोपली) पालथी घालून तिच्यावर बसली होती. पारू तिचे नाव.

"कोन हाय तुजा, बाय?" तिने विचारले.

"धाकटा भाऊ."

"माजा दादला (नवरा) हाय. रोज पहाटं म्हावरं (मासळी) घेऊन बाजाराला धावतो, तवा फुकट धावतो. आज म्हनं रुप्याचं कडं मिळंल!" आणि ती एवढ्याने हसली, की त्या भयभीत नाक्यावर चार माणसांनी मान वळवून पाहिले.

आधी आवाज आला. अनवाणी पावले रस्त्यावर पडत होती. झोडपणीच्या वेळी खळ्यातून येतो तसा तो एकसारखा, कोरडा नाद. मग वळणावरून माणसे दिसू लागली. कोळी, तालीमबाज, दोनतीन गिरणीकामगार. पारूचा नवरा दिसताच ती उभी राहिली. "पाय उचल की रं! पाटी न्हाय डोईवर, तरी म्हाताऱ्यावानी चालतोस!" तो दात काढून हसला आणि निघून गेला.

बऱ्याच मागून दत्तू आला. त्याची नजर समोर होती, पण त्याला काही दिसत असेल असे वाटले नाही. मी हाक मारली, ती त्याच्यापर्यंत पोचली नाही. तो पुढे गेल्यावर रस्त्याच्या पांढऱ्या धुळीत उजव्या पावलाचे ठसे उमटलेले दिसले; प्रत्येक ठसा ओला आणि तांबडा.

पारूने वाकून एक ठसा पाहिला. "खडी घुसलीय. उद्या जांगंत अवधान येल त्याला (अवधाण म्हणजे पायाच्या जखमेने जांघेत येणारी गाठ). भिऊ नको हां. माज्या धन्याला दर साली येतं. हळद-चुन्याचा लेप दे, चार दिसांत बसंल."

दुपारी दत्तू परतला तो तालमीतल्या दोघांच्या खांद्यांवर हात टाकून. भात कालवून मी त्याला भरविला, तेव्हा तो बोलू लागला. "अक्का, लालबागेत काय झाले ठाऊक आहे? आम्ही तीस-चाळीस माणसे धावत आलेली पाहून लोकांना वाटले, घरोघर रोगी हुडकून इस्पितळात नेणारी तपासणीची मंडळी मागे लागली म्हणून आम्ही पळतोय. कोणी ओरडले, 'आले रे!' आणि सगळी आळीच आमच्यापुढे पळू लागली. बायका लेकरे काखेत मारून. एक म्हातारा तर माझ्या बरोबरीने धावत विचारीत होता, 'किती आहेत रे? बंदुका आहेत का?' मी सांगतोय, 'बाबा, शर्यत आहे, शर्यत,' आणि त्याला ते खरे वाटेना." तो हसायला गेला आणि त्याला रडू आले. "त्यांची भीती मला लागली, अक्का. दादरच्या माडांच्या वाड्यांतून एकटा धावत होतो, पण मागे कोणी आहे असेच वाटत होते. गोविंद आहे असे वाटले. नंतर वाटले, गोविंद नाही, त्याला झालेले ते आहे. मग मी थांबलोच नाही."

"कितवा आलास?" मामांनी विचारले.

"कोणास ठाऊक. चालत आलो नाही, एवढे खरे."

दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीने निघायचे होते. सकाळी मी त्याला उठवायला कपाळावर हात ठेवला, तो हात चटकन मागे आला. अंग तापले होते. डोळे लाल. "अक्का," तो हळूच म्हणाला, "जांघेत गाठ आहे."

मामा एकेक पाऊल मागे सरत दारापर्यंत गेले. मी पारूचे शब्द मनात आठवू लागले. अवधाण, अवधाण, असे शंभरदा म्हटले. पायाचा अंगठा सुजून निळसर झाला होता, हे खरे. पण गोविंदालाही गाठ इथेच आली होती, आणि तोही आदल्या दिवशी धावला होता. ज्या जागी अवधाणाची गाठ येते त्याच जागी तापाचीही येते. हाताला दोन्ही सारख्याच लागतात. मी हळद-चुना कालवू लागले.

तेवढ्यात खाली शिट्टी झाली. चाळ एका क्षणात मुकी झाली. तपासणीची मंडळी आली होती.

"माळ्यावर घाला त्याला!" मामा कुजबुजले.

"चढवणार नाही मला," दत्तू म्हणाला.

मी त्याला भिंतीकडे सारले, वर दोन गाद्यांची वळकटी ठेवली, आणि दारात उभी राहिले. जिन्यावरून बुटांचा आवाज आला. डॉक्टर आपल्याकडचेच होते, तरुण, डोळ्यांखाली काळी वर्तुळे. मागे दोन शिपाई.

"आत कोणी आजारी?"

"नाही," मी म्हणाले. आयुष्यात इतक्या स्वच्छ आवाजात मी खोटे बोलले नव्हते.

त्यांनी माझ्या हळदीने माखलेल्या बोटांकडे पाहिले आणि वळकटी स्वतःच उचलली. नाडी पाहिली, डोळे पाहिले, गाठ चाचपली. "उचला," ते शिपायांना म्हणाले.

"डॉक्टरसाहेब, अवधाण आहे ते! काल हा शर्यतीत सहा कोस धावला. अंगठा पाहा त्याचा."

"बाई, अनवाणी चालणाऱ्या या शहरात जखम कोणाच्या पायाला नाही?" ते कठोरपणे बोलले नाहीत, फार थकून बोलले. मग जरा थांबून दत्तूला म्हणाले, "खरेच धावलात?"

"हो."

"या तापाचा रोगी दारू प्यालेल्यासारखा चालतो. जीभ जड होते. खाली चौकात चला. तीन फेऱ्या धावा, सरळ. आणि मग स्वतःचे नाव, गाव मोठ्याने सांगा. तोल गेला तर इस्पितळाची डोली तयार आहे."

दत्तू जिना उतरला तो कठडा धरून. गॅलऱ्यांत बंद दारे किलकिली झाली. चौकाच्या तोंडाशी डोली, शेजारी खुर्चीवर टोपी घातलेला गोरा अधिकारी. दत्तूने एकदा वर माझ्याकडे पाहिले, आणि धावू लागला.

कालचे सहा कोस मी पाहिले नव्हते, हे पाहिले. पहिल्या फेरीत त्याची जखम उघडली. दुसऱ्या फेरीत नळाजवळच्या शेवाळावर पाऊल घसरले, खांदा कलला, आणि अख्ख्या चाळीचा श्वास माझ्या कानांत थांबला. पण तो सावरला. तिसऱ्या फेरीत त्याचे ओठ निळे पडले होते. तो थांबला, छाती भात्यासारखी वरखाली होत होती, आणि त्याने नाव सांगितले, गाव सांगितले. एकेक अक्षर सुटे आणि स्वच्छ. डॉक्टरांनी खिशातून कागद काढून त्यावर सही केली. तो दत्तूच्या हाती देऊन ते वर माझ्याकडे पाहत म्हणाले, "आजच्या गाडीने घेऊन जा."

त्याच वेळी तळमजल्यावरचे एक दार उघडले. छापखान्यात खिळे जुळविणारा एक मनुष्य भिंतीला धरून बाहेर आला. त्याची बायको त्याला मागे ओढीत होती. "साहेब," तो म्हणाला, आणि त्याची जीभ शब्दांभोवती अडखळत होती, "मलाही धावू द्या. मीही धावतो."

कोणी नको म्हणायच्या आतच तो धावला. चार पावले. पाचवे बाजूला पडले आणि तो फरशीवर कोसळला. डॉक्टरांनी तोंड फिरविले आणि डोलीवाल्यांना हात केला.

बोरीबंदरावरच्या तपासणीत त्या कागदाने आम्हांला वाट करून दिली. वाईच्या वेशीबाहेर, मुंबईहून येणाऱ्यांसाठी बांधलेल्या झोपड्यांत आम्ही दहा दिवस काढले. पहिल्या तीन दिवसांत मी दत्तूचे कपाळ किती वेळा चाचपले याला गणती नाही. चौथ्या दिवशी लेप काढला तर गाठ बसली होती. मामा नदीच्या वाळूत बसून लहान मुलासारखे रडले. अकराव्या सकाळी पहारेकरी वाटेवर आडवा बांधलेला दोर सोडीत दत्तूला म्हणाला, "सुटलात! जा आता, धावत सुटा घरी!" नदीच्या घाटाच्या पायऱ्या दत्तू एकेक करून चढला. वर आई उभी होती, तरी त्याने पाऊल लांब टाकले नाही.

आता हळदीकुंकवाला बायका मला मुंबई कशी म्हणून विचारतात, तेव्हा मी घाटातला पळस सांगते, पारूचे हसणे सांगते, चौकातल्या तीन फेऱ्याही सांगते. त्या ऐकताना त्यांच्या डोळ्यांना पाणी येते, आणि त्या म्हणतात, देवाने राखले. मी मान हलविते.

पण तो मनुष्य पडला तेव्हा डॉक्टरांची दृष्टी आमच्यावरून उठून त्याच्यावर गेली, आणि त्या एका क्षणी माझे मन हलके झाले होते. मी धावत खाली गेले. दत्तूचा हात धरून त्याला वर खोलीत ओढून आणले. मागून त्या बाईची हाक आली, "कोणी तरी धरा हो यांना!" ती हाक मला स्पष्ट ऐकू आली. मी दार लावले, आणि कडी घातली.