प्रार्थनेच्या तासाला बाहेर

माझी आत्या सरकारी शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस होती. परीक्षानळ्या धुवायच्या, स्पिरिटच्या दिव्यांच्या वाती कापायच्या, बाटल्यांवरच्या पुसट चिठ्ठ्या पुन्हा लिहून चिकटवायच्या, हे काम तिनं सव्वीस वर्षं केलं. शिक्षण जेमतेम दहावी. पण विज्ञानाच्या बाई रजेवर असल्या की मुलं तिलाच विचारायची, आणि ती सांगायचीही. ॲसिडात पाणी ओतायचं नाही, पाण्यात ॲसिड ओतायचं, हे मला शाळेत जायच्या आधीपासून पाठ होतं.

आत्या देवभोळी होती. हा शब्द तिला आवडायचा नाही. "भोळी कशाला? चांगली शहाणी असून मानते," म्हणायची. सकाळी चहाआधी पंधरा मिनिटं ती दार लावून बसे. तेवढ्यात घराला आग लागली तरी तिला हाक मारायची नाही. ती आमच्याच घरात, मागच्या खोलीत राहायची. माझे बाबा म्हणजे तिचे धाकटे भाऊ. त्यांना प्रार्थना करताना मी फक्त फोटोत पाहिलंय, आणि त्या प्रत्येक फोटोत शेजारी कुणीतरी पुढारी असायचा.

बाबा त्या वर्षी शाळा समितीचे अध्यक्ष झाले. त्यांच्या पक्षानं निवडणुकीत शब्द दिला होता, की प्रत्येक सरकारी शाळेत प्रार्थनेची खोली होईल आणि रोज एक तास प्रार्थनेचा. शाळेत जागा कुठली? विज्ञानाच्या बाई निवृत्त झाल्या होत्या आणि दीड वर्ष त्यांच्या जागी कुणी आलं नव्हतं. तेव्हा सगळ्यांचं लक्ष प्रयोगशाळेकडे गेलं.

"ताई, तुला तर आनंद व्हायला हवा," बाबा जेवताना म्हणाले. "तुझ्याच देवाचं काम आहे."

"देवाला जागा कमी पडली होती का रे?"

"तसं नाही. मुलांना वळण लागेल."

"वळण लावायला आईबाप आहेत. शाळेत सगळ्यांची पोरं येतात. आपल्यातली, त्यांच्यातली, कशातच नसलेलीसुद्धा. त्यांनी त्या तासाला कुठं जायचं?"

"ज्यांना नको त्यांनी बाहेर बसावं. सक्ती कुणावर आहे?" बाबांनी ताट बाजूला सारलं. "तू भाषण छान करशील. उगाच नळ्या धूत बसलीस."

हरकती असतील तर सभेत मांडाव्यात, अशी सूचना फळ्यावर लागली. आत्यानं ती अक्षरशः खरी मानली. चार दिवस ती माझ्यासमोर उभी राहून बोलायचा सराव करत होती. हात कुठं ठेवायचे, हाच तिला मोठा प्रश्न पडला होता.

सभेला पंचवीसेक पालक होते. मी मागच्या बाकावर बसले होते. आत्या उठली आणि तिनं दोन्ही हात पुढच्या बाकावर टेकवले.  प्रयोगशाळा गेली तर पुन्हा होणार नाही, आधी विज्ञानाचा शिक्षक आणा, असं ती म्हणाली. एक दुकानदार मध्येच म्हणाला, "मावशी, तुम्ही देव मानत नाही का?"

"मानते. तुमच्यापेक्षा चार पावलं जास्तच. पण माझ्यावर कुणी ते लादलं नव्हतं. हजेरी घेऊन प्रार्थना करायची तर ती कवायत झाली."

दोन-तीन पालकांनी माना डोलावल्या. मला वाटलं, जमलं. तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, "अध्यक्षसाहेब, विरोधी पक्ष घरातच पाळलाय की!"

सगळे हसले. बाबाही हसले. मुख्याध्यापिका कागदात डोकं घालून बसल्या होत्या, त्यांनी ते वर काढलं नाही. आत्या अजून दोन वाक्यं बोलली, पण ती माझ्यापर्यंतसुद्धा पोचली नाहीत.

दुसऱ्या दिवशी तिनं कारकुनाच्या टेबलावर सभेचा वृत्तान्त वाचला. ठराव सर्वानुमते मंजूर.

"सर्वानुमते कसा? मी विरोध केला ना?"

"तुम्ही समितीवर नाही, मावशी. तुमचं मत धरतच नाहीत."

"मग हरकती मागवल्या कशाला?"

कारकून बिचारा भला माणूस. म्हणाला, "मागवाव्या लागतात."

प्रयोगशाळा तिनंच आवरली. चार दिवस लागले. नळ्या वर्तमानपत्रात गुंडाळल्या, सूक्ष्मदर्शकाला जुना टॉवेल लपेटला, भिंतीवरचा सांगाड्याचा तक्ता उतरवला. सगळं व्हरांड्यातल्या एका कपाटात कोंबलं आणि किल्ली मुख्याध्यापिकांकडे गेली. मग प्रश्न आला की बाहेर बसणाऱ्या मुलांवर लक्ष कोण ठेवणार. ते काम आत्याला मिळालं. नाहीतरी तिला दुसरं काम उरलं नव्हतं.

पहिल्या दिवशी अकरा मुलं होती, ज्यांच्या पालकांनी हरकत लिहून दिली होती ती. व्हरांड्यात एक लांब बाक होता, त्यावर ती दाटीवाटीनं बसली. आत्यानं कपाटाची किल्ली मागितली. मुलांना काहीतरी दाखवीन म्हणाली. "काच फुटली तर जबाबदारी कोणाची?" मुख्याध्यापिकांनी विचारलं. मग ती तोंडीच सांगू लागली. गंज का चढतो, काच कशाची करतात. आतून प्रार्थनेचा आवाज आला की मुलं दाराकडे बघायची.

आतली मुलं त्यांना "बाहेरचे" म्हणू लागली. मधल्या सुट्टीतही तेच. महिन्याभरात एक शिंपी आत्याला भेटायला आला. "आमची हरकत मागे घेतोय," तो खाली बघत म्हणाला. "पोर रोज रडतं हो."  अकराचे सात झाले, सातांचे तीन. हिवाळा संपता संपता एकच मुलगी उरली. तिचे वडील घड्याळं दुरुस्त करायचे आणि कुठलाच देव मानत नव्हते.

एका मंगळवारी ती म्हणाली, "मावशी, मी पण आत जाऊ?"

"तुझ्या बाबांनी लिहून दिलंय ना?"

"त्यांना नका सांगू. मी आत आले तर मुली मला डबा खायला घेणार आहेत."

संध्याकाळी आत्या मला म्हणाली, "तिला थांब म्हणायला माझ्याकडे होतं काय गं? एक बाक." तिनं दार उघडलं होतं आणि मुलगी आत गेली होती.

समितीच्या अहवालात लिहिलं गेलं, की आता एकही विद्यार्थी बाहेर बसत नाही. बाबा खुशीत होते. "बघ, सुंठीवाचून खोकला गेला," ते आत्याला म्हणाले. ती भांडी आवरायला उठली.

दहाबारा दिवसांनी मुलीचे वडील शाळेत आले. कुणाकडून तरी कळलं होतं. आत्या व्हरांडा झाडत होती.

"तिला आत कुणी पाठवलं?"

"मीच दार उघडलं."

आता हा माणूस ओरडणार, असं तिला वाटलं. ओरडला असता तर बरं झालं असतं, असं ती पुढं कितीदा म्हणाली. त्यानं बंद दाराकडे बघितलं.

"जेवते का ती आता सगळ्यांबरोबर?"

"हो. जेवते."

"मग राहू दे," तो म्हणाला. आत प्रार्थना चालू होती. मुलीचा आवाज त्यातून ओळखू येतोय का, हे दोघंही ऐकत उभे राहिले. येत नव्हता.