मास्तरांनी गाळलेली ओळ

गावातली निम्मी माणसं मास्तरांच्या तळहातावर पोहायला शिकली. पोस्टातला कारकून, दातांची डॉक्टरीण, चाव्या बनवणारा, त्यांची मुलं आणि आता त्या मुलांचीही मुलं. मास्तरांची पद्धत एकच. शिकणाऱ्याला पाण्यावर पालथं झोपवायचं, पोटाखाली तळहात द्यायचा आणि "धरलंय, धरलंय, मार पाय" असं ओरडत त्याच्याबरोबर तलावात चालायचं. चालता चालता कधीतरी हात काढून घ्यायचा, पण "धरलंय" म्हणणं थांबवायचं नाही. आपल्याला कुणीच धरलेलं नाही हे शिकणाऱ्याच्या लक्षात येईपर्यंत तो पोहायला लागलेला असे. "खोटं बोलल्याशिवाय माणूस तरंगत नाही," असं मास्तर म्हणत, आणि एकतीस वर्षं ते कुणाला पटलं नाही असं झालं नव्हतं.

फक्त दिव्याखाली अंधार होता. मास्तरांच्या बायकोला पोहता येत नव्हतं. लोक त्यांना मास्तरीणबाई म्हणत, पण बाईंनी तलावाची पायरी चढून एकोणतीस वर्षं झाली होती. डबा विसरला तर त्या फाटकावर पहारेकऱ्याकडे देत आणि तिथूनच परत फिरत. बाई छापखान्यात प्रुफं तपासायच्या. दिवसभर परक्यांच्या चुका काढायच्या आणि संध्याकाळी, मास्तरांच्या मते, सराव सुटू नये म्हणून घरच्या माणसाच्या काढायच्या.

एकोणतीस वर्षांपूर्वी काय झालं होतं ते दोघांनाही पाठ होतं, पण त्याबद्दल कुणी बोलत नसे. नवी नवी लग्नाची वर्षं होती. सोमवारी तलाव बंद असायचा, म्हणून मास्तर हौसेनं बायकोला घेऊन गेले होते. पाणी छातीपर्यंत. बाई त्यांच्या हातावर होत्या आणि घाबरत घाबरत का होईना, हसत होत्या. मास्तरांनी "धरलंय, धरलंय" म्हणत नेहमीसारखा हात काढला. बाई मात्र तरंगल्या नाहीत, सरळ तळाला गेल्या. नाकातोंडात पाणी जाऊन खोकत वर आल्या तेव्हा मास्तर मोठ्यानं हसत होते. "अगं, दोन हात तरी गेलीस की!" म्हणाले. बाईंनी कपडे बदलले, ओले केस बांधले आणि एकट्याच घरी चालत गेल्या.

संसार पुढे उत्तम झाला, हे सांगायलाच हवं. लेक झाली, मोठी झाली, वडिलांच्या हातावर पोहायला शिकली आणि लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली. मास्तर प्रेमळ होते, बाई प्रेमळ होत्या. पण पाण्यातलं जे सुख मास्तर गावाला वाटत होते, ते घरी नेता येत नव्हतं, आणि आपल्याच हातानं आपण ते घालवलं हे त्यांना कळत होतं. वय वाढलं तसं जास्तच कळायला लागलं. बायकोनं एकदा तरी आपल्याबरोबर पाण्यात यावं, एवढंच त्यांना आयुष्याकडून मागायचं राहिलं होतं. पण मागायचं कुठल्या तोंडानं?

मास्तर निवृत्त व्हायच्या आधी सकाळच्या बॅचची मंडळी छापखान्यात जाऊन बाईंना भेटली. मास्तरांना काय द्यावं, घड्याळ की आरामखुर्ची?

"समुद्र द्या," बाई म्हणाल्या. "एकतीस वर्षं चौकोनी पाणी बघतायत."

मंडळींनी ते मनावर घेतलं. दूरच्या एका बेटावर आठ दिवसांची सहल ठरली, दोघांची. बारा महिने ऊब असलेलं बेट, आणि किनाऱ्यावर सर्फिंगचे कॅम्प, म्हणजे फळीवर उभं राहून लाटेवरून यायला शिकवणाऱ्या शाळाच. "कॅम्प कुठला ते मात्र तुम्ही निवडा," मंडळी म्हणाली. "पाण्यातलं आम्हाला काय कळतं?"

मास्तर हरखून गेले. घरी येऊन टेबलाशी बसले, चौकटीच्या कागदावर वर मोठ्या अक्षरात 'कॅम्प' लिहिलं आणि खाली रेघ मारली.

"शिकणारे किती, असं विचारतील," बाई चष्मा पुसत म्हणाल्या. "दोघं म्हणून सांगा."

"दोघं कोण?"

"तुम्ही आणि मी."

"तू शिकणार? पाण्यात?"

"नाही, गच्चीवर."

मास्तरांच्या हातातलं पेन टेबलावरून घरंगळत खाली गेलं. ते उचलायला वाकले आणि वाकलेलेच थोडा वेळ राहिले, कारण डोळे भरून आलेले बायकोला दाखवायचे नव्हते. वर आले ते एकदम उत्साहात. "अगं मग कॅम्प कशाला? मीच शिकवतो तुला!"

"तुमच्याकडून नको," बाई म्हणाल्या. आवाज शांत होता, म्हणून जास्त लागला. "आणि सगळ्यांना फोन कराल तेव्हा माझा एक प्रश्न विचारा. हात सोडायच्या आधी सांगतात का?"

लेकीनं तीन कॅम्पची नावं पाठवली होती. रविवारी सकाळी मास्तर फोन घेऊन बसले.

पहिल्या कॅम्पवर फोन उचलणारा माणूस फार आनंदी होता. सगळं मस्त होतं, लाटा मस्त, नाश्ता मस्त, संध्याकाळचं संगीत मस्त. मास्तरांनी विचारलं, तळ वाळूचा की खडकाचा? प्रवाळाचा, म्हणजे खरं तर मस्तच, फक्त पडताना पाय खाली टेकवायचे नाहीत. एका शिक्षकामागे किती जण? दहा, कधी बारा. आणि हात सोडायच्या आधी सांगता का? तिकडून खो खो हसू आलं. "सांगितलं तर कोण सोडू देईल, काका?"

मास्तरांनी फोन ठेवला आणि पहिल्या कॅम्पवर काट मारली. प्रवाळामुळे मारली असं त्यांनी स्वतःला सांगितलं. पण ते हसणं त्यांना ओळखीचं वाटलं होतं. तो दिवसभर त्यांना चहा गोड लागला नाही.

दुसरा कॅम्प एका लहानशा खाडीत होता. लाटा बुटक्या, तळ मऊ वाळूचा, घसरगुंडीसारखा हळूहळू उतरत गेलेला. कॅम्पचा मालक अनुभवी वाटला. एकतीस वर्षं पोहायला शिकवलंय म्हटल्यावर तर तो खुशीतच आला. "मग बाईंना तुम्हीच का नाही शिकवत? फळ्या आम्ही देतो, जागा दाखवतो, बाकी तुमचं तुम्ही बघा. घरच्या माणसासारखं कोण सांभाळणार?"

मास्तरांच्या मनात लाडू फुटले. त्यांना स्वच्छ दिसलं, कंबरभर निळ्या पाण्यात बाई फळीवर पालथ्या झोपल्यात, फळीचं टोक आपल्या हातात आहे आणि या वेळी सगळं नीट होतंय. त्या कॅम्पसाठी त्यांनी कागदाचा अर्धा भाग भरून टाकला.

तिसरा कॅम्प एक बाई चालवत होत्या. आवाज करकरीत, बोलणं मोजकं. दोन शिकणाऱ्यांमागे एक शिक्षक. तळ वाळूचा. पहिले दोन दिवस फक्त फुटून आलेल्या फेसाळ लाटांत, कमरेएवढ्या पाण्याच्या पुढे नाही. फळ्या मऊ, लागल्या तरी इजा होत नाही. मास्तरांना प्रत्येक उत्तर पटत गेलं, आणि मग त्यांनी तो प्रश्न विचारला.

"सोडावं तर लागतंच," त्या म्हणाल्या. "फळी धरून ठेवली तर लाट नेणार कशी? पण मी आधी विचारते. 'सोडू का?' म्हणते. शिकणारी 'नको' म्हणाली की ती लाट जाऊ देते. लाटांना काय तोटा आहे? एकीनं मला तीन दिवस 'नको' म्हटलं. चौथ्या दिवशी 'सोडा' म्हणाली आणि गेली सरळ काठापर्यंत."

मास्तरांनी पेन खाली ठेवलं. असं काही त्यांच्या डोक्यातच कधी आलं नव्हतं.

"आणि एक नियम आहे," त्या पुढे म्हणाल्या. "शिकवणी चालू असताना घरच्या माणसानं पाण्यात उतरायचं नाही. नवरा नाही, बायको नाही, कुणी नाही. आपलं माणूस पाण्यात असलं की शिकणारा लाटेकडे बघत नाही, त्याच्याकडे बघत बसतो. तुमची शिकवणी वेगळ्या वेळी घेऊ."

दुपारी मास्तरांनी तिन्ही कॅम्प स्वच्छ अक्षरात उतरवून काढले. तिसऱ्या कॅम्पबद्दल त्यांनी सगळं लिहिलं. वाळू लिहिली, फेसाळ लाटा लिहिल्या, 'सोडू का' सुद्धा लिहिलं. खोटं एक अक्षर लिहिलं नाही. फक्त तो नियम लिहायचा तेवढा राहिला. म्हणजे राहिला असं ते कुणी विचारलं असतं तर म्हणाले असते.

संध्याकाळी बाईंनी कागद हातात घेतला. एकदा वाचला. मग लेकीनं पाठवलेलं तिसऱ्या कॅम्पचं माहितीपत्रक फोनवर उघडलं, फोन डावीकडे ठेवला, कागद उजवीकडे, आणि एक बोट इकडे, एक बोट तिकडे ठेवून ओळीओळीनं खाली यायला लागल्या. छापखान्यात मूळ प्रत आणि प्रूफ असंच जुळवतात. मास्तर खिडकीबाहेर बघत बसले.

डावं बोट थांबलं.

"इथे एक ओळ गाळलीय," बाई म्हणाल्या.

"जागा नसेल."

बाईंनी कागद उलटा करून दाखवला. मागची बाजू सबंध कोरी होती.

मास्तरांनी आणखी एक-दोन कारणं जुळवून पाहिली, पण तोंडातून काढली नाहीत. "तो नियम कळला असता तर तू तोच कॅम्प घेतला असतास," ते शेवटी म्हणाले. "मला तुझ्याबरोबर पाण्यात यायचं होतं गं. म्हटलं, दुसरा घेऊ. तिथे मी धरेन तुला."

"आणि मला न सांगता."

"हो."

"परत न सांगता."

त्या 'परत'वर मास्तर खाली बघायला लागले. एकोणतीस वर्षं दोघांनी मूग गिळून दाबून ठेवलेली गोष्ट टेबलावर येऊन पडली होती.

"मी बुडाले त्याचं काही नाही हो," बाई म्हणाल्या. "तुम्ही हसलात त्याचंही काही नाही. लहान होतात तेव्हा, हसलात. पण मी खाली जात होते आणि वरून 'धरलंय, धरलंय' ऐकू येत होतं. पाण्याखालीसुद्धा ऐकू येत होतं."

"सगळे तसेच शिकले."

"सगळे पोहायला यायचे. मी तुमच्याबरोबर आले होते."

हजारभर माणसं तरंगवलेला मास्तरांचा हात टेबलावर नुसता पडून होता. आपली पद्धत बरोबर होती, असं त्यांना अजूनही वाटत होतं. फक्त ती सगळ्या जगासाठी बरोबर आणि या एका माणसासाठी चूक होती, आणि हे समजायला त्यांना एवढी वर्षं लागली होती.

"चुकलं माझं," ते म्हणाले. "तेव्हाही आणि आजही."

बाईंनी मान हलवली. पर्समधून लाल पेन काढलं, जिथे ओळ सुटली होती तिथे बारीकशी खूण केली आणि पेन मास्तरांसमोर ठेवलं. मास्तरांनी लिहिलं, शिकवणी चालू असताना घरच्या माणसानं पाण्यात उतरायचं नाही. अक्षर जरा वाकडं आलं. बाईंनी ते चालवून घेतलं.

"आता सांगा," त्या म्हणाल्या. "कुठला घ्यायचा?"

"मी सांगू?"

"पाण्यातलं मला काय कळतं? जाणकार तुम्ही. तुम्ही म्हणाल तो."

मास्तरांनी कागदाकडे पाहिलं. दुसरा कॅम्प म्हटलं असतं तर बाई आल्या असत्या, हे त्यांना ठाऊक होतं. तोंड उघडायचा अवकाश. खाडी होती, बुटक्या लाटा होत्या, फळीचं टोक होतं.

"तिसरा," ते म्हणाले. "दुसऱ्यात तुला मी शिकवीन. तिसऱ्यात तू शिकशील."

आणि बाईंनी विचार बदलायच्या आत, खरं तर स्वतःचाच बदलायच्या आत, त्यांनी फोन लावला. करकरीत आवाजानं तारखा लिहून घेतल्या. शिकणारे दोन, वेगवेगळ्या वेळी. बाईंची वेळ सकाळची.

"सकाळचे दोन तास तुम्ही काय करणार?" फोन ठेवल्यावर बाईंनी विचारलं.

"वाळूत बसेन."

"दुसऱ्या कुणाला शिकवायला लागाल."

"नाही."

"मध्येच उठून चहा शोधायला जाल."

"अगं नाही जाणार. बसेन म्हटलं ना."

बाईंनी चष्मा काढला आणि पदरानं पुसायला लागल्या. चष्म्याशिवाय त्यांचे डोळे फार मऊ दिसत. इतक्या वर्षांनी मास्तरांना ते आज नव्यानं दिसले.

"हा तर पाण्यात नेता येणार नाही," त्या म्हणाल्या. "मला लांबचं काही दिसत नाही. मागे सावलीत जाऊन बसाल तर मला कळायचं कसं, तुम्ही आहात की नाही?"

"मग पुढे बसतो."

"अगदी काठाला बसा."

"काठाला पाणी येतं," मास्तर जपून म्हणाले. "पाय भिजतील माझे. नियम आहे."

बाईंनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला आणि मास्तरांकडे नीट बघितलं.

"घोट्यापर्यंत चालेल," त्या म्हणाल्या. "तेवढं मी त्या बाईंना सांगेन."