बिनखताची पट्टी

एकोणीसशे पंचाहत्तरच्या सुमारास मी पदवीधर झालो, घरातला पहिलाच. एका धर्मादाय संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञ बाईंनी मला नोकरी दिली. शेणखताने जमिनीतला कर्ब किती वाढतो, हे त्या कवठे महांकाळजवळच्या एका शेतात तपासत होत्या. तुलनेसाठी एक पट्टी बिनखताची ठेवली होती. एकदा मातीचे नमुने घ्यायला गेलो, तर शेतमालकीण त्याच पट्टीत शेणखताची पाटी ओतत होती.

“मावशी, इथं टाकायचं नव्हतं ना?”

“आवं सायब, दरसाल टाकतीय की. एकाच लेकराला उपाशी ठिवायचं व्हय?”

तिला बोल लागू नये म्हणून मी हे बाईंना सांगितलं नाही. दोन्हीकडचे आकडे सारखेच येत गेले. आपलीच पद्धत चुकली असं समजून बाईंनी प्रयोग बंद केला. माझी मेहनत वाया घालवली म्हणून त्यांनी माझीच क्षमा मागितली. तेव्हाही मी काही बोललो नाही.