खरबुजाचा वास

गारखेड्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी खरबुजांचा हातगाडा लागला, की तो वास घरापर्यंत येतो आणि मला पंधरा वर्षांपूर्वीची एक दुपार आठवते.

अप्पा, म्हणजे माझे वडील, खरबूज कधी दाबून बघत नसत. देठाशी नाक लावायचे आणि एकदा हुंगून निकाल द्यायचे. त्या दुपारी मात्र त्यांनी एक हुंगलं, खाली ठेवलं, दुसरं उचललं, पुन्हा पहिलं घेतलं.

गाडेवाले चाचा हसले, "आज क्या हुआ साहब? सब मीठे हैं."

अप्पांनी खरबूज माझ्या हातात दिलं. "तू बघ. कसा येतोय वास?"

"गोड."

"नक्की?"

मला वाटलं, माझी परीक्षा चाललीय. घरी येईपर्यंत मी मिरवत होते, की आता निवड माझ्याकडं आली.

त्यांचा हात थरथरायला लागला तो सात वर्षांनी. डॉक्टरांनी पार्किन्सन सांगितला आणि विचारलं, "वास येणं कधी कमी झालं? काहींचं ते कैक वर्षं आधी जातं."

अप्पा म्हणाले, "ध्यानात नाय."

माझ्या ध्यानात आलं. पण तेव्हा त्यांना काही कळलं होतं, की नुसती सर्दी होती, की खरंच मला शिकवत होते, हे मला अजून उमगत नाही. विचारायचं धाडसही होत नाही.

काल मी खरबूज आणलं. अप्पांनी सवयीनं, थरथरत्या हातानं ते नाकाशी नेलं आणि माझ्याकडं बघितलं.

मी म्हणाले, "गोड येतोय, अप्पा."