नसरीनआपा, धरणगावची रुई आणि एक गुलाबी धागा

या ब्लॉगवर आजवर मी घाट, धबधबे आणि किल्ले लिहिले. हा प्रवास माझ्याच जिल्ह्यातला आणि शेजारच्या धुळ्यातला. दोन दिवस, एक गाडी. फरक इतकाच की बरोबर पासपोर्ट होता, आणि तो माझा नव्हता.

मी जळगावात एका कापूस दलालाकडे नमुने काढायचं काम करते. आमच्यामार्फत धरणगावच्या एका जिनिंगमधून, म्हणजे कापसातली सरकी काढून रुई करणाऱ्या कारखान्यातून, बांगलादेशातल्या सूतगिरणीला रुईच्या गाठी जातात. मागच्या लॉटबद्दल गिरणीची तक्रार आली. सूत रंगवल्यावर त्यात वेगळ्याच रंगाचे ठिपके उमटत होते, म्हणजे रुईत काहीतरी मिसळलं होतं. ‘आमचं माणूस येऊन बघेल, मग पुढचं ठरवू,’ असं त्यांनी कळवलं. नाहीतर आफ्रिकेचा कापूस त्यांना मिळतच होता. पण सध्या दोन देशांचं जे चाललंय त्यात तिकडच्या माणसाला व्हिसा मिळणं सोपं नाही. तो हातात पडेपर्यंत दिवाळी होऊन गेली. पाहुण्या बाई आहेत हे कळल्यावर मीच म्हणाले, मी नेते त्यांना.

नसरीनआपा हावड्याच्या गाडीनं सकाळी जळगावला उतरल्या. पन्नाशीच्या, ठेंगण्या, अंगावर स्वेटर आणि त्यावर शाल. ढाक्याहून बसनं सीमेपर्यंत, तिथून कोलकाता, मग ही गाडी. आमच्या घरी अंघोळ आणि चहा उरकून त्या लगेच म्हणाल्या, “निघू या?” आम्ही हिंदीत बोलत होतो. त्यांची हिंदी टीव्हीवरून शिकलेली, माझी खानदेशी वळणाची. निभत होतं.

गाडी अय्यूबभाऊंची. डिझेलसकट दिवसाचे साडेतीन हजार. पाळधीपर्यंत महामार्ग, तिथून धरणगावचा फाटा. रस्ता बरा आहे, पण हंगामात कापसाच्या ट्रॅक्टरमागे अडकलात तर घड्याळाकडे बघू नका. अय्यूबभाऊ पूर्वी ट्रक चालवायचे आणि याच गाठी बेनापोलच्या सीमेपर्यंत न्यायचे.

“तुमच्या देशात मी गेलोय, आपा,” ते म्हणाले. “अर्धा किलोमीटर. गोदामात माल उतरवायचा आणि परत. पण त्या अर्ध्या किलोमीटरसाठी अलीकडं नऊ-नऊ दिवस रांगेत झोपलो.”

“पलीकडे मी गाठींची वाट बघत बसायचे,” आपा म्हणाल्या. “नऊ-नऊ दिवस.”

जिनिंगच्या आवारात पांढरे ढीग लागले होते. मालक गिरीशशेठांनी ऑफिसात काजू, बर्फी आणि चहा मांडून ठेवला होता. आपांनी चहा घेतला आणि विचारलं, कापूस निवडतात ती जागा कुठे? शेठ म्हणाले, धूळ आहे तिथे. आपा म्हणाल्या, तीच बघायला आलेय.

मशीनकडे जाणाऱ्या पट्ट्याच्या आधी एका लांब ओट्यावर पंधरा-वीस बायका बसून कापसातला कचरा वेचत होत्या. त्यांच्यावर लक्ष ठेवणाऱ्या इंदूअक्का साठीच्या असाव्यात. हात सतत चालू आणि नजर आमच्यावर. आपा सरळ त्यांच्याशेजारी मांडी घालून बसल्या.

“कथाईन उन्यात, माय?” अक्कांनी विचारलं. कुठून आलात.

मी सांगितलं, बांगलादेश. अक्कांनी मान हलवली आणि हातातली काडी बाजूला टाकली.

आपांनी पिशवीतून प्लास्टिकची पाकिटं काढली. त्यांच्या गिरणीत, मशीनवर रुई उलगडताना सापडलेल्या वस्तू होत्या त्यात. केस, कोंबडीचं पीस, पांढऱ्या प्लास्टिकच्या सुतळीचे तुकडे, आणि सगळ्यात जास्त एक गुलाबी धागा. बायका वाकून बघू लागल्या. इतक्या लांब गेलेल्या आपल्याच आवारातल्या वस्तू बघून दोघीतिघींना हसू आलं.

शेठ म्हणाले, “हे ट्रकमध्ये मिसळलं असेल. किंवा सीमेवर. तिथं गाठी फोडून तपासतात.”

आपांनी पाकिटं अक्कांसमोर ठेवली. अक्कांनी सुतळी बोटांवर घेतली. “हाई खतनी गोणीनी शे. शेतकरी त्यामाच कापूस आनतस.” मग गुलाबी धागा उजेडात धरला, शेजारच्या बाईचा पदर ओढला आणि दोन्ही एकमेकांजवळ नेले.

तेव्हा माझ्या लक्षात आलं, ओट्यावरच्या निम्म्याअधिक बायकांच्या अंगावर एकसारखी गुलाबी साडी होती.

“तुम्ही दिवाईले देयेल लुगडाना धागा शे हाऊ, शेठ,” अक्का म्हणाल्या. “नवं व्हतं तवयपासून निंघस.”

कुणी हसलं नाही. शेठांनी दिवाळीला मोठ्या मनानं वाटलेल्या साड्या होत्या त्या. त्यांचा चेहरा उतरला, मग लाल झाला. “अक्का, तुला कोणी विचारलं होतं?” ते म्हणाले. अक्का पुन्हा कापूस वेचू लागल्या. आपांनी मला विचारलं, काय म्हणाल्या त्या? माझा पगार याच व्यवहारातून येतो. तरी सांगितलं, जसंच्या तसं. आपांनी वहीत लिहून घेतलं.

दुपारी अमळनेरच्या रस्त्याला एका शेतातल्या हॉटेलात जेवलो. हिवाळ्यात खानदेशात आलात तर भरीत खाल्ल्याशिवाय जाऊ नका. तुराट्यांवर भाजलेली वांगी, हिरवी मिरची, कांद्याची पात, वर शेंगदाणे, सोबत ज्वारी-उडदाची, म्हणजे कळण्याची भाकरी. थाळी दीडशेला. आपांनी पहिला घास घेतला आणि म्हणाल्या, “बेगुन भर्ता! आमच्याकडे मोहरीचं तेल घालतात.” जेवताना त्या पहिल्यांदा मोकळ्या बोलल्या. अहवालात ‘नको’ लिहिलं की गिरणी दुसरीकडून कापूस घेईल, ‘हवा’ लिहिलं आणि पुन्हा ठिपके आले तर त्यांची नोकरी जाईल. “आणि त्या बाईंचं काय होईल?” त्यांनी विचारलं.

दुसऱ्या दिवशी धुळ्याजवळची आणखी एक जिनिंग बघायची होती, म्हणून मुक्काम धुळ्यात. हॉटेलची खोली आधीच घेतली होती. काउंटरवरच्या माणसानं पासपोर्ट उघडला, बंद केला आणि माझ्याकडे सरकवला.

“बांगलादेशी आहेत हे तुम्ही बोलला नाहीत, मॅडम.”

“व्हिसा आहे. सगळे कागद आहेत.”

“असू द्या. आम्हाला झंझट नको.”

दुसऱ्या हॉटेलात तेच, फक्त आवाज मऊ होता. आपा गाडीत बसून होत्या. मी परत आले तेव्हा त्यांनी शाल नीट केली आणि खिडकीबाहेर बघत राहिल्या. मला लाज वाटली. कुणाची, ते नीट सांगता येणार नाही.

धुळ्यातच, देवपुरात माझी आत्या राहते. जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेली, कागदाशिवाय कशावर विश्वास नसलेली. तिनं दारातच विचारलं, “पोलिसांना माहीत आहे का?” परदेशी माणूस कुणाच्या घरी उतरला तरी त्याची नोंद चोवीस तासांत ऑनलाइन करावी लागते. अशी वेळ तुमच्यावर आली तर पासपोर्ट, व्हिसा आणि यजमानाचा पुरावा यांचे फोटो तयार ठेवा. मी आत्याच्या ओट्यावर बसूनच फॉर्म भरला आणि खात्री म्हणून आपांना आणि आत्याला घेऊन पोलीस ठाण्यात गेले. तिथल्या हवालदारांनी कागद पाहिले आणि आपांना विचारलं, “किती दिवस?”

“उद्या परत.”

“मग काही हरकत नाही. कुणी अडवलं तर फोन करा.” एका चिठ्ठीवर त्यांनी नंबर लिहून दिला.

आत्यानं ती चिठ्ठी घडी करून पर्समध्ये ठेवली आणि रिक्षात बसताना आपांना म्हणाली, “खिचडी चालते ना? कढी केलीये.” घरी आल्यावर स्वतःची खाटही तिनं त्यांना दिली.

धुळ्याची जिनिंग चकाचक होती. फरशी, टोप्या, पाट्या. आपांनी चार ठिकाणची रुई चिमटीत धरून ओढून बघितली आणि बाहेर आल्यावर म्हणाल्या, “स्वच्छ आहे, पण धागा आखूड. धरणगावची रुई चांगली. तिला फक्त माणसांसारखं वागवायला हवं.”

परतीला पारोळ्यात चहाला थांबलो तर त्यांच्या गिरणीतून फोन आला. जमिनीवरच्या सीमेतून माल घेणं तूर्त थांबवलंय, कधी सुरू होईल सांगता येत नाही. पाठवायचंच तर मुंबईहून जहाजानं पाठवा.

“म्हणजे किती दिवस?” अय्यूबभाऊंनी विचारलं.

“कुणाला माहीत.”

“मागं कांदा थांबला होता, तेव्हा मी रांगेतच होतो,” ते म्हणाले. “वर दिल्ली-ढाक्यात काय बोलतात ते आम्हाला ट्रकात सडणाऱ्या कांद्याच्या वासावरून कळायचं.”

मला वाटलं, आता सरळ जळगाव. पण एरंडोलला आपा म्हणाल्या, धरणगावला घ्या.

ओट्यावर इंदूअक्का नव्हत्या. शेठ म्हणाले, आज सुट्टी दिलीये. आपा ऑफिसात बसल्या, त्यांनी वही उघडली आणि मला शब्द न शब्द मराठीत सांगायला लावला.

“माल घ्यायचा, असं मी लिहिणार आहे. तीन अटी आहेत. बायकांना सुती झगे आणि टोप्या. प्लास्टिकच्या गोणीतला कापूस आवाराबाहेरच सुती कापडावर उतरवायचा. आणि गाठ बांधण्याआधी शेवटची तपासणी त्या बाई करतील. त्यांची सही नसलेली गाठ आम्ही घेणार नाही.”

“अक्काला सही येत नाही,” शेठ म्हणाले.

“अंगठा चालेल.”

शेठांनी वर पंख्याकडे पाहिलं. पंखा बंद होता. मग त्यांनी फोन उचलला. अर्ध्या तासानं अक्का आल्या, पदराला हात पुसत, कारण घरी धुणं काढलं होतं. मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी शेठांकडे पाहिलं. शेठ म्हणाले, “उद्यापासून लवकर ये.” बस, एवढंच.

संध्याकाळच्या गाडीनं आपा गेल्या. जाताना मी केळीचे वेफर्स दिले, त्यांनी माझ्या आईसाठी गामछा, तिकडचा सुती पंचा दिला.

या प्रवासाला एकंदर दहा हजारांच्या आत खर्च आला. पाहायला काय आहे म्हणाल तर दोन जिनिंगा आणि एक पोलीस ठाणं. गाठी जहाजानं गेल्या आणि खूप उशिरा पोहोचल्या. ठिपके कमी झाले, संपले नाहीत. जमिनीचा रस्ता मी हे लिहितेय तोवर बंदच आहे.

मध्यंतरी आपांनी त्यांच्या गिरणीचा फोटो पाठवला. मशीनशेजारी बायका आमच्या रुईतून उरलासुरला कचरा काढताहेत. पुढच्या खेपेला धरणगावला गेले तेव्हा मी तो अक्कांना दाखवला. त्यांनी मोबाइल डोळ्यांजवळ धरला आणि बराच वेळ बघितलं. मला वाटलं, रुई बघताहेत.

“बठ्ठ्या उभ्या शेतस,” त्या म्हणाल्या. सगळ्याजणी उभ्या आहेत. “आम्ही बसीसन करतस. यासना पाय दुखत व्हतीन.”

मी ते आपांना तसंच लिहून पाठवलं. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं.

‘मी कधी विचारलं नव्हतं. आज विचारलं. दुखतात म्हणाल्या.’