मावशीच्या डब्यातला भात

जवळच्या पाली कोळीवाड्यातून मासळी विकायला येणाऱ्या फिलोमिनामावशीमुळे मी प्रभूच्या सेवेत टिकलो. आज शेजारून बोंबलाच्या कालवणाचा वास आला आणि काशीमीऱ्यातला माझा पहिला रविवार आठवला. नववीत शाळा सोडून, देव पुरवील या भरवशावर प्रार्थनासभा सुरू करायला चंद्रपूरहून आलेलो. प्रार्थनेसाठी चटई अंथरली, कोणीच आलं नाही.

मावशी दारात थांबली. "जेवलास काय रं?"

"उपास आहे, मावशी."

तिने आत डोकावलं. "उपास कसला? घरात दाणा न्हाय, स्टो थंड हाय तुझा. देवाच्या नावावर खोटं बोलतोस?" आणि स्वतःचा भात नि बोंबलाच्या कालवणाचा डबा माझ्यापुढे उघडला.

तेव्हा लाजत, मान खाली घालून जेवलो. आता कळतं, देवाने पुरवलं ते हेच. चटई अजून रिकामीच असते, उद्याची धास्ती असतेच. मावशी अंथरुणाला खिळलीय. माझा स्टो रोज पेटायला लागला, की तिला माझ्या हातचा भात भरवीन.